हूप ड्रीम्स बघून आई म्हणते नको, मुलगा म्हणतो ती जुनी फिल्म आहे

पत्र शिकागोच्या एका सबर्बमधून आलंय, नावगाव देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. थोडक्यात असं. मुलगा चौदा वर्षांचा, आठवीत, लहानपणापासून बास्केटबॉल, क्लब टीमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारा. क्लबच्या कोचने घरी सांगितलं की लांबच्या एका प्रायव्हेट हायस्कूलच्या कोचला हा मुलगा हवाय, पहिल्या वर्षी अर्धी फी माफ होईल, पुढचं 'बघू'. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, बर्फ पडला की देव जाणे. घराजवळची पब्लिक शाळा चांगली आहे आणि फुकट आहे. नवरा एका पायावर तयार, तो स्वतः मुंबईत कॉलेजकडून खेळायचा, नागपाड्याच्या कोर्टवरच्या मॅचेसच्या गोष्टी अजून सांगतो, मग नोकरी लागली आणि ते सगळं सुटलं. सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर उंची विचारतात.

ताईंनी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून 'हूप ड्रीम्स' ही शिकागोतल्या बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन मुलांवरची डॉक्युमेंटरी बघितली, रात्रभर झोप नाही, सकाळी जाहीर केलं की नाही म्हणजे नाही. मग मुलानेही बघितली आणि तो म्हणाला, आई ती तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आता कॉलेजमध्येच पैसे मिळतात, आणि त्यातला तो आर्थर शेवटी खेळलाच ना. तेव्हापासून घरात अबोला. डिपॉझिट भरायची तारीख जवळ आलीये. त्यांचा प्रश्न असा की मुलाचं स्वप्न मोडायचं नाही पण त्या पोरांसारखं त्याचं आयुष्य वायाही जाऊ द्यायचं नाही, तर काय करू.

---

ताई, रडलात ते साहजिकच आहे, जवळजवळ तीन तासांची ती फिल्म कोरड्या डोळ्यांनी बघणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण सकाळी उठून जो निकाल दिलात त्याबद्दल जरा बोलूया, कारण मला वाटतं फिल्म तुम्ही बरोबर बघितली आणि भीती मात्र भलत्याच गोष्टीची घेतली.

ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी आधी सांगते, पुढचं सगळं त्यावरच आहे. स्टीव्ह जेम्स, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट हे तिघं टीव्हीसाठी अर्ध्या तासाची छोटी फिल्म करायला निघाले आणि पाचेक वर्षं शिकागोतल्या दोन मुलांच्या मागेच राहिले, अडीचशे तासांच्या आसपास शूटिंग झालं, 1994 मध्ये सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला प्रेक्षकांचं बक्षीस मिळालं. ऑस्करला डॉक्युमेंटरीच्या गटात साधं नॉमिनेशनही नाही, त्यावरून एवढी बोंबाबोंब झाली की त्या गटाची निवडायची पद्धतच पुढे बदलली. तर दोन मुलं. विल्यम गेट्स हा कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीतला, आर्थर एजी हा वेस्ट साइडच्या वेस्ट गारफिल्ड पार्कमधला. दोघं चौदा वर्षांचे असताना वेस्टचेस्टर नावाच्या सबर्बमधल्या सेंट जोसेफ या कॅथलिक हायस्कूलमध्ये गेले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये गाजलेला आयझेया थॉमस ज्या शाळेतून वर आला तीच ही, कोच जीन पिंगाटोर. घरापासून दीड तास, एका बाजूने.

दोघांनाही फीमध्ये थोडी सूट होती, आणि पुढे सगळं फिरलं ते उरलेल्या फीवर. विल्यम पहिल्याच वर्षी मोठ्या मुलांच्या टीममध्ये गेला आणि त्याची उरलेली फी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या एका मोठ्या अधिकारी बाईंनी उचलली. आर्थरची उंची अजून वाढलेली नव्हती, खेळ बरा होता पण डोळ्यांत भरेल असा नव्हता, त्याच्यासाठी कोणी बाई पुढे आली नाही. आईवडिलांची नोकरी गेली, फी थकली, आणि दुसऱ्या वर्षी मध्येच त्याला शाळा सोडून घराजवळच्या मार्शल हायस्कूलमध्ये यावं लागलं. बरं, सोडलं तर सोडलं, पण थकबाकी भरेपर्यंत सेंट जोसेफने त्याचे आधीचे रेकॉर्ड्स दिले नाहीत, म्हणजे त्याने केलेला अभ्यास मार्शलच्या खात्यात धरलाच जाईना. रक्कम दोन हजार डॉलरच्या आतली होती हो. एवढ्यासाठी मुलाचं ग्रॅज्युएशन लटकलं.

ताई, मला ती फिल्म इथे दिसते. विल्यमचा गुडघा, आर्थरच्या वडिलांचं व्यसन, घरातली कापलेली वीज, हे बघून माणूस हलतो, हलायलाच पाहिजे. पण दोन सारख्या वयाची, सारख्या हुशारीची मुलं एकाच दारातून आत गेली आणि एकाला दार बंद झालं ते खेळामुळे नाही, तर फीचं काय ते आधी नीट ठरलेलं नव्हतं आणि पडायची वेळ आली तेव्हा सगळा भार घरच्यांवर आला म्हणून. शाळेचं काही गेलं नाही, कोचला दुसरा मुलगा मिळाला. आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य परत वाचा, पहिल्या वर्षी अर्धी फी माफ, पुढचं बघू. लग्नाच्या बैठकीत मध्यस्थ म्हणतो ना, देण्याघेण्याचं तुम्ही काही मनात आणू नका, त्याच जातीचं हे 'बघू' आहे. तुम्ही एनबीएच्या भीतीने रात्रभर जागलात, मी असते तर या एका शब्दाने जागले असते.

आता 'आयुष्य वाया गेलं' याबद्दल. गेलं का खरंच? विल्यमला मार्केट (Marquette) युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप मिळाली. त्याआधी प्रवेशाच्या परीक्षेत एसीटीमध्ये हवे तेवढे 18 मार्क पडेनात म्हणून तो परत परत बसला, तो भाग बघताना पोटात गोळा येतो. कॉलेजात मध्येच त्याचं मन उडालं, सगळंच सोडून द्यायला निघाला होता, तेव्हा घरच्यांनी आणि युनिव्हर्सिटीने समजावलं आणि न खेळताही स्कॉलरशिप चालू ठेवायला युनिव्हर्सिटी तयार झाली. डिग्री झाली, पुढे तो पास्टर झाला. आर्थर मार्शलकडून खेळताना त्याची टीम 1991 मध्ये राज्यात तिसरी आली, ज्या शाळेने सोडलं त्यांची टीम त्या वर्षी तिथवर पोचली नव्हती. मग मिसूरीतलं एक ज्युनियर कॉलेज, तिथून आर्कान्सा स्टेट. एनबीएत दोघंही गेले नाहीत. पण बास्केटबॉल नसतं तर ही दोन्ही पोरं कॉलेजात गेली असती का, हा प्रश्न फिल्म तुमच्यासमोर ठेवते आणि उत्तर काही सोपं नाहीये. विल्यम हायस्कूलला आला तेव्हा त्याचं वाचन कितीतरी इयत्ता मागे होतं, सेंट जोसेफमध्ये पहिल्या वर्षातच ते बरंच पुढे गेलं. म्हणजे ज्या शाळेवर आपण चिडतो तिने एकाचं भलंही केलंय. मला स्वतःला पिंगाटोर कधी राक्षस वाटला नाही, तो जिंकायला ठेवलेला कोच होता आणि त्याने ते केलं, पन्नास वर्षं केलं. राग येतो तो यासाठी की चौदा वर्षांच्या मुलाच्या बाजूने त्या खोलीत बोलणारं कोणीच नव्हतं.

तुमच्या मुलाच्या बाजूने तुम्ही आहात. हे लहानसहान नाही. आर्थरची आई शीला महिन्याला 268 डॉलरच्या सरकारी मदतीवर घर चालवत होती, त्यातच शिकून नर्सिंग असिस्टंट झाली, वर्गात पहिली आली (फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता सीन तो आहे, एकाही मॅचचा नाही). त्या घरात बास्केटबॉल हा गरिबीतून बाहेर पडायचा एकुलता एक रस्ता म्हणून सांगितला जात होता. तुमच्या घरात तो एकुलता एक नाहीये. हा मुलगा खेळात नाही चमकला तरी चांगल्या शाळेतून चांगल्या कॉलेजात जाणार आहे, जेवणाची आणि विजेची चिंता त्याला नाही. म्हणून शीलाची भीती तुम्ही उसनी घेऊ नका, आणि खरं सांगायचं तर मुलालाही आर्थरची जिद्द उसनी घेऊ देऊ नका. 'तो शेवटी खेळलाच ना' म्हणताना त्याला हेही कळायला हवं की आर्थरला मागे फिरायला जागाच नव्हती. एक छोटी गोष्ट करा, त्याला विचारा की फिल्ममध्ये तुला सगळ्यात जास्त कोणाचं वाईट वाटलं. उपदेश नको, नुसतं विचारा. उत्तर काहीही असो, तिथून अबोला संपेल.

आकडे मागाल तर ते आहेतच, पण त्याने वाद मिटत नाही. अमेरिकेत साडेपाच लाखाच्या आसपास मुलगे हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळतात, त्यातले एनसीएए या कॉलेजांच्या खेळसंघटनेतल्या कॉलेजांत खेळायला मिळतं ते शंभरात तीन-चार, आणि एनबीएच्या तीस टीम्स मिळून दरवर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, साठच्या आसपास जागा, त्याही सगळ्या जगासाठी. भारतात जन्मलेला पहिला मुलगा ड्राफ्टमध्ये घेतला गेला तो पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, 2015 मध्ये, सात फूट उंच, आणि तरीही एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. हे सगळं चौदा वर्षांच्या मुलाला सांगून काही होत नाही, तो मनात म्हणतो मी त्या तीन-चारात आहे. आणि तुमच्या मुलाने एनबीएचं नाव पत्रात कुठे घेतलेलंही नाहीये, तुम्हीच घेतलंय. त्याला कदाचित फक्त चांगल्या टीममध्ये खेळायचं असेल. विचारलंत का?

आता नवरोबा. ते एका पायावर तयार आहेत, तर त्यांना ती फिल्म बघायला लावा, आणि विल्यमचा मोठा भाऊ कर्टिस येतो तेव्हा शेजारी बसा. कर्टिस स्वतः जबरदस्त खेळाडू होता, कॉलेजपर्यंत गेला, तिथे कोचशी पटलं नाही, परत आला आणि मिळेल ते काम करायला लागला. स्वतःचं जे राहिलं ते सगळं त्याने धाकट्यावर टाकलं. विल्यमचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर, परत दुखल्यावर, विल्यमला स्वतःला काय वाटतंय यापेक्षा कर्टिसला काय वाटेल याचं ओझं त्या पोराच्या चेहऱ्यावर दिसतं. तुमचे मिस्टर कर्टिस आहेत असं मी म्हणत नाही, नागपाड्याचं कोर्ट ज्याने बघितलंय त्याला हा खेळ नुसता टीव्हीवरून प्रेम करणाऱ्यापेक्षा जास्त कळतो आणि मुलाला त्याचा फायदाच आहे. पण त्यांना एक प्रश्न विचारा, भांडणात नको, चहा पिताना. सहा महिन्यांनी मुलगा म्हणाला बाबा मला नाही खेळायचं, तर तुम्हाला काय वाटेल? उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात तेवढं बघा.

मुलाचा मुद्दा, की आता कॉलेजमध्येच पैसे मिळतात. खरंय ते. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर, जाहिरातीवर कमावता येतं, आणि 2025 मध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर मोठ्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायलाही परवानगी मिळाली. पण ते पैसे अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या वरच्या फळीत जातात, बाकीच्यांच्या हाती टीशर्ट आणि थोडाफार खर्च. आणि आपल्या लोकांसाठी यात एक अडचण आहे जिच्याबद्दल इथल्या मराठी मंडळांत कोणी बोलताना ऐकलं नाही. तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात ते पत्रात नाही. मुलगा इथे जन्मलेला असेल तर प्रश्न मिटला. पण भारतात जन्मून तो तुमच्यासोबत एच-4 वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या कुटुंबाला मिळतो त्या व्हिसावर असेल, तर त्याला काम करून पैसे कमवायची परवानगी नसते, एकविसाव्या वर्षी तो तुमच्या व्हिसातून बाहेर पडतो, पुढे एफ-1 या विद्यार्थ्यांच्या व्हिसावर गेला तरी अशा कमाईवर बंधनं आहेतच, आणि कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदतही एच-4 वाल्यांना मिळत नाही. स्कॉलरशिप घ्यायला हरकत नाही, पण जाहिरातीचे पैसे घेऊन व्हिसा अडचणीत आला तर कोच येणार नाही सोडवायला. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर हे आधी वकिलाला विचारा, मग मुलाशी 'पैसे मिळतात' या विषयावर बोला.

तर मग काय करायचं. माझं मत ऐकायचं असेल तर आज ना हो म्हणा ना नाही. त्या शाळेला लेखी विचारा, आणि कोचला नको, प्रिन्सिपॉल आणि फीचं बघणाऱ्या ऑफिसला. इलिनॉयमध्ये हायस्कूलने खेळासाठी मुलं ओढून आणणं नियमात बसत नाही, फीची मदत कुटुंबाच्या गरजेवर वगैरे असायला लागते, म्हणून पहिलाच प्रश्न हा की ही अर्धी माफी कशाच्या आधारावर आहे आणि ती आम्हाला शाळेकडून कागदावर कधी मिळेल. क्लबच्या कोचच्या तोंडून आलेली ऑफर ही शाळेची ऑफर नसते, आणि नियमाबाहेरचं काही निघालं तर खेळायची बंदी मुलावर येते. मग विचारा, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी मदत किती, ती कोण ठरवतं, फी वाढली तर मदत वाढते की तेवढीच राहते. मुलगा जखमी झाला किंवा टीममधून बाहेर पडला तर मदत चालू राहते का. हा प्रश्न विचारायला लाज वाटेल, वाटू दे. मार्केटने विल्यमला न खेळता शिकू दिलं ते त्याचं नशीब, प्रत्येकाला तसा भला माणूस समोर मिळत नाही. आणि शेवटचा, जो शीलाला कोणी विचारायला सांगितला नाही, की मध्येच शाळा सोडावी लागली तर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि मार्कांचा रेकॉर्ड, मिळायला काय अटी आहेत. उत्तर ईमेलवर मागा. फोनवर गोड बोलून उत्तर टाळत असतील तर ते पण एक उत्तरच आहे.

उत्तरं चांगली आली, तर चारही वर्षांची पूर्ण फी, म्हणजे मदत न धरता, तुम्हाला परवडते का ते बघा. परवडत असेल तर मग मदत बंद झाली तरी आभाळ कोसळत नाही, मुलाला बिनधास्त पाठवा, ती शाळा अभ्यासालाही बरी असेल तर. परवडत नसेल तर अर्ध्या आश्वासनावर जाऊ नका. एक वर्ष बघू, नाही जमलं तर घराजवळच्या शाळेत येऊ, असं नवरा म्हणाला असेलच, सगळे नवरे म्हणतात. पण हायस्कूल सुरू झाल्यावर शाळा बदलली तर खेळायला काही काळ बंदी येऊ शकते, म्हणून 'बघू' इथेही महागात पडू शकतं, बदलीचे नियम आधी वाचा.

घराजवळच्या शाळेला आपण उगाच दुय्यम समजतोय असं मला वाटतं. आर्थरला मार्शलमध्ये जो खेळ सापडला तो सेंट जोसेफमध्ये सापडला नव्हता, कोच ल्यूथर बेडफोर्डने त्याला खेळू दिलं, आणि तो घरापासून जवळ होता. पॉइंट गार्डला बॉल हातात घेऊन मॅचेस खेळायला लागतात, नावाजलेल्या टीमच्या बेंचवर बसून तो तयार होत नाही. त्या प्रायव्हेट शाळेत त्याच्या जागेवर आत्ता किती मुलं आहेत, कोणत्या इयत्तेतली, हे मुलालाच शोधायला सांगा, एका संध्याकाळचं काम आहे. कॉलेजवाले हल्ली क्लबच्या स्पर्धांमध्येच मुलं बघतात, त्यामुळे पब्लिक शाळेत राहून क्लब चालू ठेवला तर दार बंद होत नाही. आणि स्कॉलरशिप म्हणजे फक्त एनसीएएचा सगळ्यात वरचा गट (डिव्हिजन वन) असंही नाही, दुसऱ्या गटात मिळते, ज्युनियर कॉलेजांत मिळते, तिसऱ्या गटात खेळासाठी देत नाहीत पण अभ्यासाची मदत घेऊन तिथे खेळणारी पुष्कळ मुलं आहेत. आपल्या घरांतल्या मुलांसाठी हा तिसरा गटच बहुतेक वेळा खरा रस्ता असतो आणि त्याचं नाव कोणी काढत नाही, कारण मित्रांमध्ये सांगताना त्यात काही भारी वाटत नाही.

अभ्यासाचं एक पक्कं. वरच्या गटात खेळायचं तर एनसीएए हायस्कूलचे 16 ठराविक कोअर कोर्स बघतं आणि त्यांत चारपैकी किमान 2.3 ग्रेडची सरासरी मागतं, त्यातले दहा कोर्स सिनियर, म्हणजे बारावीचं वर्ष सुरू व्हायच्या आत. विल्यमच्या गळ्याशी आलेली परीक्षेची अट आता नाही, पण कोर्स नववीपासून मोजले जातात. कोणत्याही शाळेत घातलंत तरी पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरला भेटून कोणते विषय धरले जातात ते विचारा, अकरावीत कळून उपयोग नाही.

आणि शरीर. विल्यम ऑपरेशननंतर परत कोर्टवर आला तेव्हा घाई झाली होती, गुडघा पुन्हा गेला, आणि मग तो पूर्वीचा खेळाडू कधीच राहिला नाही. तुमच्या पत्रात आहे की मुलगा शाळेची टीम, क्लब, शनिवारचा स्किल ट्रेनर असं सगळं करतोय, वर आता रोजचा दीड तास गाडीत. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नये, आठवड्याला निदान एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात एकूण तीन महिने तरी त्या खेळापासून लांब, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी चालेल. तुमचा क्लब कोच यावर हसेल. हसू दे. हो म्हणालात तर हीच तुमची अट ठेवा, आणि दुखणं लपवायचं नाही ही दुसरी. चौदा वर्षांचा मुलगा जागा जाईल या भीतीने दुखणं लपवतो, कोचला कळायच्या आधी ते तुम्हाला कळलं पाहिजे. आणि सासूबाईंना सांगा की उंची विचारणं बंद करा प्लीज, रोज आरशासमोर उभं राहणाऱ्या मुलाला ते ऐकून काय होत असेल.

विल्यमबद्दल एक राहिलं. तो अजून हायस्कूलमध्ये असताना त्याला मुलगी झाली, घरात ताण होता, आणि हे कोचला सांगायला गेला तर तिथेही मॅचच महत्त्वाची ठरली. मोकळेपणी बोलायला खेळाबाहेरचं मोठं माणूस त्याच्याजवळ फारसं दिसत नाही. तुमच्या मुलाचं सगळं वर्तुळ आता कोच, ट्रेनर, टीम, बाबा आणि बाबांच्या गोष्टी असं होत चाललंय. एखादा मामा, काका, शेजारचा मोठा दादा, कोणीही चालेल, ज्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्याच्याकडे महिन्यातून एकदा पाठवा.

हे फक्त शिकागोपुरतं नाहीये. मला नाशिक, सोलापूर, कोल्हापूरहून अशीच पत्रं येतात, क्रिकेटसाठी आईने मुलाला घेऊन दादरला खोली घ्यायची आणि बाबांनी गावी राहायचं, किंवा बॅडमिंटनच्या अॅकॅडमीसाठी शाळा बंद करून ओपन स्कूल. अॅकॅडमीवाले म्हणतात मुलात दम आहे, फीचं बघू. तिथेही हेच विचारा, पुढच्या वर्षाची फी किती, जखमी झाला तर भरलेल्या पैशांचं काय, सोडलं तर शाळेत परत घेणार का आणि कोणत्या वर्गात, हॉस्टेलमध्ये रात्री मुलांबरोबर कोण असतं. आई-बाबा वेगळ्या गावी राहणार असतील तर किती महिने, हे तारीख घालून ठरवा, नाहीतर वर्षं जातात. आणि वर्षाची फी एकरकमी मागत असतील तर हप्ते मागा, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, रोख दिलंत तरी.